लाट टिपायचीय? आधी माळावर या

पाऊस ओसरला की ट्रायपॉड, फिल्टर घेऊन मंडळी केळवे, बोर्डीच्या किनाऱ्याकडे निघतात. घरी येतं ते सांडलेल्या दुधासारखं चित्र. समुद्र त्यात कुठेच नसतो. अशा हौशी मंडळींना माझं सांगणं आहे: आधी एक सकाळ शिरपामाळावर घालवा.

हो, जव्हारजवळच्याच. 1664 साली सुरतेवर निघालेल्या शिवाजी महाराजांना जव्हारच्या विक्रमशाह राजाने इथे शिरपेच दिला, त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं सांगतात. वारा सुटला की इथल्या गवतावर लाटा उठतात. कॅमेरा पक्का रोवा. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलंत तर पातं न् पातं थिजतं. अर्ध्या सेकंदावर आणलंत की वारा दिसू लागतो. तीस सेकंद ठेवलंत की नुसता हिरवा लगदा! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकं चाळावी लागत नाहीत. आजूबाजूच्या नागलीत मात्र शिरू नका.

मग समुद्रावर जा. तिथेही अर्धा ते एक सेकंद पुष्कळ. लाटेला अंग राहतं आणि ओढही दिसते. बटण दाबायची घाई सगळे लाट येताना करतात. मी म्हणतो, ती फुटून मागे फिरू दे. परतणारा फेस वाळूवर लांब रेघा ओढत जातो, गती तिथे असते. भर उन्हात एवढा वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होतो. म्हणून सूर्य टेकल्यावर काढा, नाहीतर प्रकाश अडवणारा गडद फिल्टर लावा.

भरतीची वेळ काढायला आपल्याकडचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पण हा ढोबळ अंदाज. किनाऱ्यावरच्या कोळी दादांना विचारूनच पाण्याजवळ जा, आणि उधाणाच्या दिवशी खडकावर चढूच नका. ओहोटीच्या ओढीने ट्रायपॉडखालची वाळू सरकते, तशी तुमच्या टाचेखालचीही. म्हणून ट्रायपॉड आधी दाबून खोल रोवा, लेन्सवर तुषार आले का ते दर दोन फोटोंनी पाहा, आणि घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन ठेवा.