पट्ट्यावरची वेळ

दिवाळी अंकाची खरी धांदल गणपती उठल्यावर सुरू होते. यंदा त्या धांदलीत एका लेखावरून आमची जुंपली. 'युद्धातलं बालपण' हा विषय आम्हीच दिलेला. आलेल्या लेखात ढिगारे होते, एकुलती चप्पल होती, हात तुटलेली बाहुली होती. "डोळ्यांत पाणी येतं," सहसंपादक म्हणाल्या. येतं खरं. पण ते पाणी मला फार ओळखीचं वाटलं, आणि लेख बाजूला राहिला.

नेमका त्याच आठवड्यात कातेरिना गोर्नोस्ताई यांचा 'टाइमस्टॅम्प' पाहिला. युक्रेनमधल्या शाळांवरचा हा माहितीपट २०२५च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. दोन तासांहून थोडा मोठा. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, कुणी कॅमेऱ्याकडे बघून रडत नाही. तास सुरू होतो, भोंगा वाजतो, पोरं दप्तरं उचलून तळघरात जातात, तिथे राहिलेलं गणित पुरं होतं. पहिल्या अर्ध्या तासात, खरं सांगायचं तर, मी कंटाळले. नंतर लक्षात आलं की मी काहीतरी कोसळायची वाट बघत होते.

खारकीवमधला वर्ग मात्र मनातून जात नाही. हे शहर रशियाच्या सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत आहे. तिकडून सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटभरातही येऊन आदळतं, कधी भोंग्याच्याही आधी. अशा शहरात वरच्या शाळेतून पोरांना तळघरात न्यायचं कधी? म्हणून शाळाच खाली नेली. २०२३च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रोच्या स्थानकांत आडोसे घालून वर्ग भरू लागले. खिडकी नाही, दिवसभर पांढरे दिवे, शेजारून धडधडत जाणारी गाडी. आधी करोना आणि मग युद्ध, त्यामुळे कित्येक मुलांनी वर्गसोबती आजवर पडद्यावरच पाहिलेले. शेजारच्या बाकावरचं पोर कोपर मारतं, याचंच त्यांना अप्रूप.

ही स्थानकं आपल्याला अगदीच परकी नाहीत. २०२२च्या फेब्रुवारीअखेरीस, डॉक्टरकी शिकायला खारकीवला गेलेली आपली मुलं, त्यांत महाराष्ट्रातलीही, अशाच फलाटांवर जाकिटं अंथरून झोपली होती. "चार्जिंग संपतंय, ठेवते," हे वाक्य तेव्हा किती घरांत ऐकलं गेलं असेल. कर्नाटकातला एक विद्यार्थी त्या शहरातच मारला गेला. बाकीची परतली आणि आपल्यापुरती ती बातमी मिटली.

माहितीपटाच्या नावाचा उलगडा प्रथमोपचाराच्या धड्यात होतो. जखमेतून रक्ताचं कारंजं उडत असेल तर जखमेच्या वर पट्टा बांधायचा, काडी पिळून घट्ट आवळायचा. आणि पट्टा कधी आवळला ती वेळ त्यावर लिहायची. तो दोन तासांहून जास्त तसाच राहिला तर हात किंवा पाय जायची भीती असते, म्हणून पुढच्या डॉक्टरला वेळ कळायला हवी. या पोरांच्या वयात आम्ही बाकावर करकटकाने नावं कोरत होतो.

दहावी-बारावीतली लेकरं घरात असलेल्यांनी निरोप समारंभाची तयारी जरूर बघावी. तिथे शाळा सोडताना वॉल्ट्झ नाचायची रीत आहे. पोरं पावलं मोजतात, चुकतात, मुलींच्या बुटांवर पाय देतात, बाई वैतागतात. चित्रण २०२३-२४चं. तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती आणि नाचणाऱ्या मुलांपैकी काही अठराव्याच्या उंबरठ्यावर. कॅमेरा यातलं काहीच बोलत नाही, तो पावलांवरच राहतो. एखाद्या दिग्दर्शकाने इथे व्हायोलिन घातलं असतं. आम्ही संपादक मंडळींनी तर ठळक मथळाच दिला असता.

माहितीपट पाहिल्यावर बाजूला राहिलेला तो लेख मी लेखिकेला परत पाठवला. सोबत चारच प्रश्न लिहिले: तिथे शाळा किती वाजता भरते? पोरं येतात कशी? मधल्या सुट्टीत काय खातात? मारामाऱ्या कशावरून होतात? ती जरा रागावली. पंधरा दिवस फोन नाही. मग एका रात्री साडेअकराला मेल आली. नवा लेख या अंकात आहे. त्यात बाहुली नाही. सुरुवात डब्यापासून होते.

— संपादक