मंडईची जागा पालिकेची, पण बाजार कोणाचा?

महापालिकांच्या मालकीच्या मंडया, गाळे व व्यापारी संकुले यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न आज राज्यातील अनेक शहरांत उभा आहे. या जागांवर आपले असंख्य व्यापारी व कारागीर दोन-तीन पिढ्यांपासून पोट भरीत आले आहेत. फळवाले, मटणवाले, सुकामेव्याचे व्यापारी, शिंपी, कुलूप-किल्ल्या करणारे, बॅगा शिवणारे असे सर्वच त्यांत आहेत. तेव्हा पालिका या जागांकडे कोणत्या नजरेने पाहते, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

प्रथम पालिकेची बाजू पाहू. जुन्या गाळ्यांचे भाडे नाममात्र असते आणि त्यातून इमारतीची डागडुजीही होत नाही, असे पालिकेचे म्हणणे आहे. ते अगदीच खोटे नाही. मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची पालिकेच्याच मालकीची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली आणि ६१ माणसे दगावली. त्यामुळे "आमच्या गाळ्याला हात लावू नका" एवढेच म्हणत बसणे आपल्याही हिताचे नाही. मोडकळीस आलेली इमारत पाडून नवी बांधावीच लागते. वाद आहे तो कोणत्या अटींवर, एवढाच.

दुसरी नजर मात्र चिंता वाढविणारी आहे. मोक्याच्या जागेवरील मंडई म्हणजे तिजोरी भरण्याचे साधन, असा विचार पालिकांत बळावत आहे. मुंबईत पलटण रोडवरील छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरली आणि २०२१ मध्ये तेथील मासेविक्रेत्यांना हलविण्याचा विषय पेटला. ऐरोलीला जाण्यास त्यांनी विरोध केला. पुढे २०२४ मध्ये पालिकेने तोच भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी लिलाव पुकारला. विक्रेत्यांची सोय शेजारच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत होईल असे सांगण्यात आले, तरी कोळी भगिनी रस्त्यावर उतरल्या. धोकादायक म्हणून जागा रिकामी झाली आणि मग तिचाच लिलाव पुकारला गेला, ही गोष्ट प्रत्येक गाळेधारकाने ध्यानात ठेवावी.

मुंबईबाहेर वेगळाच अनुभव आला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नियम केले की पालिकेच्या मालमत्तेचे भाडे चालू बाजारमूल्याच्या किमान आठ टक्के असावे. हिशेब करून पाहा. गाळ्याचे मूल्य वीस लाख धरले तर वर्षाला एक लाख साठ हजार, म्हणजे महिन्याला तेरा हजारांहून अधिक भाडे. लहान दुकानदाराने हे कोठून द्यावे? व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी विरोध केला आणि २०२३ मध्ये हे नियम बदलून दर खाली आणावे लागले. एकजुटीने मांडलेले रास्त म्हणणे ऐकले जाते, हे यावरून दिसते.

आपला मूळ मुद्दा असा आहे. जमीन पालिकेची आहे, हे मान्य. पण त्या जमिनीला मोल कोणी आणले? क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची फुले मंडई, १८६९ मध्ये उभी राहिली. नुसती इमारत बांधून तेथे गिऱ्हाईक आले नाही. भल्या पहाटे माल उतरविणारा, उधारी सांभाळणारा, वजनात खोट न करणारा दुकानदार तेथे पिढ्यानपिढ्या बसला, म्हणून तो बाजार झाला. शिवाय मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने सार्वजनिक मंडया बांधणे व चालविणे हे पालिकेच्या कर्तव्यांत मोजले आहे. म्हणून पुनर्विकासाचा हिशेब केवळ भूखंडाला मिळणाऱ्या बोलीवर होऊ नये.

गाळा रिकामा करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मिळाल्याच पाहिजेत. नवा गाळा किती चौरस फुटांचा आणि कोणत्या मजल्यावर? आज तळमजल्यावर असलेल्याला तिसऱ्या मजल्यावर पाठविले तर गिऱ्हाईक जिना चढणार नाही. तात्पुरती जागा त्याच परिसरात आहे की दूर कोठे? नवे भाडे किती, ते किती वर्षांनी व किती वाढणार? परतीची तारीख कोणती, आणि ती टळली तर भरपाई कोण देणार? या अटी नोंदणीकृत करारनाम्यात असाव्यात. अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन त्याच्या बदलीबरोबर निघून जाते.

आता थोडे आपल्या घरचे. पालिकेच्या मंडईतील गाळेधारक हा बहुधा परवानाधारक असतो. पालिकेच्या दप्तरी ज्याचे नाव, त्याचाच हक्क. आपल्याकडे कितीतरी परवाने अजून मरहूम वडिलांच्या नावावर आहेत. भावाभावांत वाटणी तोंडी झाली आहे. पोटमाळ्यावर बसून काम करणाऱ्या कारागिराचे नाव तर कोणत्याही कागदावर नसते. मोजणी करणारे दारात आले की हे सारे उघडे पडते आणि वर्षांची मेहनत वादात सापडते. वारसनोंद आजच करून घ्या, भाड्याच्या पावत्या व वीजबिले जपून ठेवा. गाळेधारकांनी आपल्या माळ्यावरील कारागिराचीही नोंद संघटनेच्या यादीत करावी. जो आपल्या दुकानाचा माल घडवितो, त्याला वाऱ्यावर सोडून केलेला करार न्यायाचा होणार नाही.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. वरील लिलाव त्याच काळातला. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक नसला की बाजाराचे भवितव्य फायलीतच ठरते. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, मंडईच्या दारातच विचारा: पुनर्विकासात आमचा गाळा कोठे, किती आणि केव्हा? उत्तर लेखी मागा, आणि त्याची प्रत संघटनेच्या दप्तरी ठेवा.