जयपूरची रास कोणती?

दिवाळी अंक हाती पडला की राशिभविष्याची पाने सर्वांत आधी उलटली जातात. प्राध्यापकांची खोलीही याला अपवाद नसते. या हौसेची एक शाखा शहरांपर्यंतही पोहोचली आहे. माणसाप्रमाणे शहरालाही रास असते आणि स्थापनेच्या दिवसावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असे मानणारी मंडळी आहेत. करमणूक म्हणून याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु करमणुकीची समजूत होते आणि शहराचे बरेवाईट जन्मजात मानण्याची सवय जडते, तेव्हा त्या समजुतीची एकदा झडती घेणे इष्ट ठरते.

या झडतीसाठी उत्तरेतील जयपूरइतके सोयीचे शहर नाही. बहुतेक जुन्या शहरांची जन्मतिथी कोणालाच ठाऊक नसते. जयपूरची मात्र नोंदलेली आहे. सवाई जयसिंहाने या नगराचा पाया घातला तो १८ नोव्हेंबर १७२७ रोजी. हा राजा स्वतः ज्योतिर्विद होता. दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि काशी येथे त्याने वेधशाळा उभारल्या. तेव्हा मुहूर्तात कसूर राहिली असेल, अशी शंका घेण्यास जागा नाही.

वृत्तपत्री राशिचक्राप्रमाणे १८ नोव्हेंबर म्हणजे वृश्चिक. ही रास गूढ, पोटातले ओठावर न आणणारी आणि धन दडवून ठेवणारी. जयपूर तटबंदीच्या आत वसलेले आहे. त्याच्या पाठीशी असलेल्या जयगडावर दडविलेल्या खजिन्यासाठी १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, सरकारने खोदकाम करविले होते. वर्णन तंतोतंत जुळले!

पण जरा थांबावे लागते. १८ नोव्हेंबर ही तारीख जुन्या जूलियन गणनेची आहे. इंग्रजांनी ती गणना १७५२ मध्ये सोडली. मूळ तिथी आहे विक्रम संवत १७८४ ची पौष वद्य प्रतिपदा, शनिवार, आणि तीही उत्तरेकडील पौर्णिमान्त महिन्याप्रमाणे. आजच्या दिनदर्शिकेत तो दिवस २९ नोव्हेंबरला येतो. म्हणजे त्याच राशिचक्राने शहर धनु राशीचे ठरते. ही रास उदार, उत्सवप्रिय आणि अतिथ्यशील. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी ज्या नगराने आपल्या भिंती गुलाबी रंगविल्या, त्याला हे वर्णन कोण नाकारील?

आता आपल्या घरगुती पद्धतीने नावावरून रास काढू. 'ज' हे अक्षर मकर राशीचे. मकर म्हणजे कष्टाळू, हिशेबी आणि व्यवहारात पक्की. जवाहिऱ्यांच्या आणि सराफांच्या नगराला हेही चपखल बसते. आणि पंचांगाच्या निरयन गणनेने त्या दिवशीचा सूर्य पाहू गेल्यास तो पुन्हा वृश्चिकेतच सापडतो! एका शहराला तीन राशी मिळाल्या आणि तिन्ही लागू पडल्या. तीन निरनिराळ्या किल्ल्यांनी एकच कुलूप उघडत असेल, तर किल्ल्यांची वाखाणणी करण्यापेक्षा कुलूपच तपासून पाहणे शहाणपणाचे.

मग जयपूरचा स्वभाव घडविला कोणी? जुनी राजधानी अंबर डोंगरांच्या कुशीत अडकलेली होती. तिला वाढण्यास वाव नव्हता. जयसिंहाने सपाटीवर नवी जागा निवडली आणि तिचे काटकोनी रस्त्यांनी नऊ चौकड्यांत विभाजन केले. या नऊ आकड्याशी नवग्रहांचे आणि कुबेराच्या नवनिधींचे नाते परंपरा सांगते. तथापि वायव्येस नाहरगडची टेकडी आडवी आली, तेव्हा एक चौकडी आग्नेयेस सरकवावी लागली. शास्त्राने भूगोलाशी तडजोड केली ती अशी. या आखणीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो बंगाली विद्याधर अंबरच्या कचेरीत हिशेब तपासनीस होता, ही गोष्ट आपल्या कारकून बंधूंनी अवश्य ध्यानात ठेवावी. रस्त्यांच्या दुतर्फा सलग दुकाने काढली, त्यांचे दर्शनी भाग एकसारखे राखले, बाहेरच्या व्यापाऱ्यांना जमिनी आणि करसवलती देऊन बोलाविले. दिल्लीची सत्ता खिळखिळी होत असताना भांडवल आणि कसब सुरक्षित आश्रय शोधत होते, आणि जयपूरने तो देऊ केला. या शहराची हिशेबी वृत्ती मकरेतून आली नाही, ती या धोरणातून आली.

त्याचे भोगही ग्रहांनी धाडले नाहीत. जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि पुत्रांत वारसाचा तंटा लागला. त्या तंट्यात मराठे सरदारांनी पैशाच्या बोलीवर बाजू घेतल्या. खंडणीची रक्कम उभी राहीना आणि होळकरांची फौज दाराशी आली, तेव्हा १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीवन संपविले. पुढच्याच महिन्यात जयपूरच्या रस्त्यांवर मराठ्यांची कत्तल झाली. हा दैवाचा फेरा म्हणून सोडून देणे आपल्याला सोयीचे आहे. परंतु त्या वेळी जयपूरच्या राशीला आलेला ग्रह दक्षिणेकडून आला होता, हे मराठी माणसाने तरी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आणि अलीकडचे पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधून पुरा झालेला रामगड तलाव जयपूरची तहान भागवीत होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावावर झाल्या. नंतर पाणलोट क्षेत्रात अतिक्रमणे झाली, ओढे अडविले गेले, आणि या शतकात तलाव कोरडा पडला. शहराला आता शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बनास नदीवरील बिसलपूर धरणाकडे तोंड करावे लागते. या तलावाच्या कुंडलीत कोणता शनी शोधावयाचा? अडविलेल्या ओढ्याला नकाशा असतो, अतिक्रमणाला दप्तरात नोंद असते आणि परवानगीवर सही असते. ग्रहाला दोष दिला की सही करणारा सुटतो. शहरांच्या राशी काढण्यात हाच खरा धोका आहे.

जयसिंह मुहूर्त मानीत होता, यज्ञ करीत होता. तो आजच्या अर्थाने नास्तिक वा बुद्धिवादी नव्हता. परंतु पंचांगातील गणित आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना, तेव्हा त्याने आकाशाला दोष दिला नाही. त्याने दगड-चुन्याची यंत्रे बांधली आणि मोजमाप हाती घेतले. जयपूरच्या वेधशाळेत राशिवलय नावाची बारा यंत्रे आहेत, प्रत्येक राशीसाठी एक. ती कोणाचे भविष्य सांगत नाहीत, खस्थ गोलांची स्थाने मोजतात. राशीवर श्रद्धा असलेल्या राजाने राशीसाठी जे बांधले, ते मोजण्याचे साधन होते.

आपल्या विद्यार्थ्यांनी शहरांचा स्वभाव जरूर शोधावा. त्यासाठी पंचांग उघडण्याऐवजी नगरपालिकेचे अंदाजपत्रक उघडावे, पाण्याचे दर आणि जमिनीचे नकाशे पाहावेत, कोणता कर कोण भरतो आणि कोण चुकवितो याची चौकशी करावी. हे वाचन राशिभविष्याइतके रंजक नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यातली चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते.