हवाईची रात्र, पणजीची दुपार

मृगाचा पाऊस एकदा लागला की गोमंतकाच्या आकाशावर पडलेला पडदा नवरात्राच्या सुमारापर्यंत काही नीट उघडत नाही. शाळांचे ऐन अभ्यासाचे दिवस नेमके हेच. शिवाय शाळा दिवसाची आणि तारे रात्रीचे. त्यामुळे आमच्या मुलांचे खगोलशास्त्र पुस्तकातील चित्रांपाशीच थांबते.

ब्रिटनमध्येही हीच अडचण होती. डिल फॉक्स या गणिती उद्योजकाने तिच्यावर मोठी नामी तोड काढली. शाळकरी मुलांसाठी दोन मीटर व्यासाच्या आरशांच्या दोन दुर्बिणी त्यांच्या देणगीतून उभ्या राहिल्या. पण एक हवाईतील हालेआकाला पर्वतावर आणि दुसरी ऑस्ट्रेलियात. ब्रिटनमध्ये वर्ग भरलेले असतात तेव्हा तेथे रात्र असते आणि वर्गात बसूनच दुर्बीण हव्या त्या ताऱ्याकडे वळवता येते. 2005 मध्ये या दुर्बिणी अमेरिकेतील लास कुंब्रेस वेधशाळेकडे आल्या. तिने चिली, दक्षिण आफ्रिका, टेक्सास अशी ठाणी जोडून पृथ्वीभोवती साखळीच गुंफली. दुर्बिणीपाशी माणूस नसतो. कोठे रात्र आहे, कोठे आभाळ निरभ्र आहे, हे पाहून कामाची वाटणी संगणक करतो.

हा केवळ मुलांचा खेळ नव्हे. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरील त्या टकरीचा प्रकाश सूर्यास्तानंतर जेमतेम तास-दीड तास दिसे आणि काही दिवसांतच तो मावळलाही. चिलीत ती ज्योत क्षितिजाखाली गेली की काही तासांनी ऑस्ट्रेलियातील, मग दक्षिण आफ्रिकेतील दुर्बिणी तिला गाठत. एकट्या वेधशाळेला, ती कितीही थोर असली तरी, हे साधले नसते.

आपला देशही मागे नाही. लडाखमधील हानले येथे 70 सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण 2018 पासून आकाश न्याहाळीत आहे. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था यांचे ते संयुक्त कार्य. मात्र ती संशोधकांसाठी आहे. शाळांच्या वाट्याला काय?

पणजीत दुपारचे बारा वाजतात तेव्हा हवाईत आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. लास कुंब्रेस वेधशाळा देशोदेशींच्या शैक्षणिक संस्थांना निरीक्षणाचा वेळ देत आली आहे. आमच्या शिक्षण खात्याने तो मागितला पाहिजे. शाळाशाळांतून दुर्बिणी खरेदी करून त्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल. पडद्यावर पाहिलेला तारा डोळ्यांनी पाहिलेल्या ताऱ्याची बरोबरी करीत नाही, हे आम्हांसही मान्य. आमच्या बालपणी गावात विजेचे दिवे नव्हते, म्हणून आकाशगंगा अंगणातून दिसे. आजच्या मुलांना तेही भाग्य नाही. शिक्षकांना आधी शिकवावे लागेल, आणि खरा खर्च तेथेच आहे. दहा शाळा निवडाव्यात, त्यांतील निम्म्या तरी सत्तरी, सांगे, काणकोणच्या असाव्यात, आणि पुढच्या मृगापूर्वी हे काम मार्गी लागावे.