उकिरड्याचे दैव

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी मराठीत एक म्हण आहे. ज्या शाळेने गांडुळांना आश्रय दिला, त्या शाळेच्या उकिरड्याला मात्र इतकी वाट पाहावी लागत नाही. त्याची दैना दोन-तीन महिन्यांतच फिटते.

फळांच्या साली, पोषण आहारासाठी निवडलेल्या भाज्यांचे देठ, वह्यांची फाटलेली पाने, अंगणातील पालापाचोळा हे सारे मूळचे मातीतूनच आलेले असते. ते जाळले तर धूर होतो, कोपऱ्यात साचू दिले तर दुर्गंधी सुटते; परंतु मातीला परत दिले तर त्याचेच खत होते. सावलीत लहानसा हौद बांधावा, तळाशी विटांचे तुकडे व नारळाची सोडणे पसरावीत, त्यांवर भिजवलेला पाचोळा, कागदाचे तुकडे व जुने शेण यांचा थर द्यावा आणि गांडुळे सोडून वर ओले गोणपाट झाकावे. शेतात खोल बिळे करणारी गांडुळे येथे उपयोगी पडत नाहीत. शेणात व पाचोळ्यात वाढणारी तांबूस गांडुळेच लागतात. सूक्ष्म जंतू कचरा मऊ करतात, गांडूळ तो गिळते आणि त्याच्या विष्ठेतून चहाच्या भुकटीसारखे काळसर, भुसभुशीत खत तयार होते.

या क्षुद्र जीवाची थोरवी चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने ओळखली होती. 1837 साली त्याने गांडुळांच्या कार्यावर पहिला निबंध वाचला आणि 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाकाठी 10 टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

‘मुलांनी शाळेत विद्या शिकावी, कचरा चिवडणे हे त्यांचे काम नव्हे,’ असा आक्षेप कोणी घेईल. तो वरवर रास्त वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना दोष दडलेला आहे. कचरा करणारा एक आणि उचलणारा दुसरा, अशी वाटणी समाजाने शतकानुशतके केली आणि उचलणाऱ्यालाच हीन लेखले. गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगाव झाडले, ते केवळ रस्ते नव्हेत. माणसांच्या मनांतील ही घाणही त्यांनी झाडली. म्हणून हौदाचे काम शिपायावर सोपवू नये आणि शिक्षा म्हणून तर ते कोणालाच देऊ नये. वर्गातील प्रत्येक मुलाची व मुलीची त्यात पाळी यावी.

शिवाय गांडूळ हा मोठा कडक परीक्षक आहे. ते त्वचेवाटे श्वास घेते. हौद कोरडा पडला तर ते मरते आणि पाणी तुंबले तरी गुदमरते. तेल, मीठ, मसाला त्याला सोसत नाही. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून त्याची गरज थांबत नाही. सुट्टीतही आठवणीने येऊन पाणी शिंपडणारा विद्यार्थी जबाबदारीचा जो धडा शिकतो, तो कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही.

मात्र हौद आहे म्हणून ताटात अन्न टाकण्याची मुभा कोणी घेऊ नये. साली व देठ हौदाचे. शिजलेले अन्न भुकेल्या पोटाचे.

त्या खतावर वाढलेल्या वेलीचा पहिला दोडका शाळेच्या पातेल्यात पडतो आणि त्याच्या साली पुन्हा हौदात जातात, तेव्हा सृष्टीचे चक्र मुलांच्या डोळ्यांदेखत पूर्ण होते. ते चक्र ज्याने पाहिले, तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटणार नाही.