श्वासावरचा खंड

कोपरगाव तालुक्याला ‘खंड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोदावरीच्या कालव्यांखालील शेतकऱ्यांच्या जमिनी इंग्रजी अमदानीत खाजगी साखर कंपन्यांच्या ताब्यात खंडाने गेल्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या कंपन्यांच्या हातून सुटल्या. परंतु मूळ मालकाकडे परत न येता 1963 मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. कॉ. माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी चालविलेल्या प्रदीर्घ लढ्यानंतर 2012 मध्ये वाटपाला प्रारंभ झाला, तोवर कित्येक खंडकरी हयातीतून उठून गेले होते. ज्याची जमीन तोच बांधाबाहेर उभा, हा या तालुक्याचा अनुभव आहे. आज हाच व्यवहार माणसाच्या श्वासाच्या बाबतीत चालला आहे. जमिनीच्या जागी ज्ञान आले आहे, एवढाच काय तो फरक.

श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींवर केसांसारखे असंख्य रोमक असतात. त्यांच्यावर पातळ द्रवाचा थर आणि त्यावर श्लेष्म्याचा थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू श्लेष्म्यात अडकतात आणि रोमकांच्या अखंड हालचालीने घशाकडे ढकलले जातात. हा द्रव पातळ राहावयाचा तर पेशीच्या आवरणातील एका प्रथिनाच्या दारातून क्लोराइडची ये-जा व्हावी लागते. या दाराचा आराखडा सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की दार निकामी होते. श्लेष्मा चिकट बनतो, जंतू ठाण मांडतात, फुप्फुस वर्षानुवर्षे झिजत जाते, स्वादुपिंड तुंबून अन्न अंगी लागेनासे होते आणि घामात मीठ वाढते. या विकाराचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. सदोष प्रत आईकडून एक व बापाकडून एक अशी येते; म्हणजे मूल सतत आजारी म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराला विज्ञानाचा कोणताही आधार नाही.

हे ज्ञान कोणी मिळविले? 1989 मध्ये टोरोंटोच्या बालरुग्णालयातील लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगन विद्यापीठातील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी हे जनुक शोधून काढले. त्यामागे सार्वजनिक निधी होता आणि रुग्णांच्या कुटुंबांनी जमविलेल्या देणग्या होत्या. पुढे औषधाच्या संशोधनालाही अमेरिकेतील रुग्णसंस्थेनेच पैसा पुरविला. त्या संस्थेने 2014 मध्ये आपला स्वामित्वधनाचा हक्क 3.3 अब्ज डॉलरला विकला. पेरणी समाजाची, पीक मात्र एका कंपनीच्या खळ्यात!

2019 मध्ये अमेरिकेच्या व्हर्टेक्स कंपनीने तीन औषधांची संयुक्त गोळी बाजारात आणली. निकामी दार दुरुस्त करून ते उघडणारी ही गोळी खरोखर गुणकारी आहे. तिच्या गुणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो वर्षाला 3 लाख 11 हजार डॉलर या किमतीबद्दल. त्या वेळच्या दराने हे सव्वादोन कोटी रुपये होतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याच औषधाचा उत्पादनखर्च वर्षाला पावणेसहा हजार डॉलरांच्या आत बसतो असे दाखवून दिले. मधली तफावत ही कष्टाची किंमत नव्हे, ती मक्तेदारीचा खंड आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील व युक्रेन येथील रुग्णांनी व पालकांनी या मक्तेदारीविरुद्ध एकाच वेळी आवाज उठविला तो याचसाठी.

नफ्याखेरीज संशोधन होणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. नफ्यापोटी कोणते संशोधन होते, हे तरी पाहावे. पाश्चात्त्य रुग्णांतील सदोष प्रतींपैकी सुमारे 70 टक्क्यांत एकच विशिष्ट दोष आढळतो. भारतातील पाहण्यांत त्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरते. कंपनीची गोळी प्रामुख्याने त्या पहिल्या दोषाभोवती घडविली गेली. ज्यांच्या पेशीत हे प्रथिन मुळी तयारच होत नाही, त्यांना ती निरुपयोगी आहे. त्यांची आशा जनुकोपचारावर, म्हणजे निर्दोष जनुक पेशीपर्यंत पोचविण्यावर आहे. ते काम अवघड आहे: चिकट श्लेष्मा वाट अडवितो, वाहक विषाणूला शरीर परतवून लावते आणि अस्तरातील पेशी ठरावीक काळाने बदलत राहतात. ब्रिटनमध्ये रुग्णांना वर्षभर दरमहा हुंगावयास दिलेल्या जनुकाचा निष्कर्ष 2015 मध्ये जाहीर झाला. लाभ झाला, पण तुटपुंजा. असे चिकाटीचे काम बाजाराच्या घाईला मानवत नाही. ते सार्वजनिक संस्थांनीच अंगावर घ्यावयाचे असते.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो. बगॅसची धूळ, चुलीचा धूर आणि क्षय यांनी गांजलेल्या तालुक्यात दुर्मिळ आजाराची चर्चा कशाला? परंतु निदानच होत नसेल तर दुर्मिळ कोणी ठरविले? घामातील मीठ मोजण्याची सोय गावापासून दूर असल्याने अशी मुले क्षय, दमा वा कुपोषण या नावांखाली दगावतात आणि कोणत्याही गणतीत येत नाहीत. कारखान्यातील मजुराची छाती आणि या मुलाची छाती यांच्यासाठी दोन वेगळे लढे नाहीत. दोघांनाही गावाजवळ छातीची तपासणी करणारा सरकारी दवाखाना हवा आहे आणि परवडेल असे औषध हवे आहे.

कायद्यात मार्ग आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली म्हणून देशी औषधउद्योग उभा राहिला. 2005 च्या दुरुस्तीने ती तटबंदी पाडली, तरी सक्तीच्या परवान्याची कलमे शिल्लक ठेवली. 2012 मध्ये त्याच कलमाखाली नॅटको कंपनीला परवाना मिळाला आणि कर्करोगाच्या एका औषधाची मासिक किंमत 2 लाख 80 हजारांवरून 8 हजार 800 रुपयांवर आली. पुढे आलेले अर्ज मात्र फेटाळले गेले. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा विकार नोंदलेला आहे आणि मदतीची मर्यादा पुढे 50 लाखांपर्यंत वाढविली गेली. कोट्यवधींच्या किमतीपुढे ही मदत म्हणजे जनतेच्या तिजोरीतून कंपनीला दिलेला खंडच ठरतो. किंमत न पाडता अनुदान वाढविणे ही कल्याणकारी राज्याची रीत नव्हे.

सार्वजनिक संस्थांची ताकद महाराष्ट्राने पाहिली आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून रक्ताच्या कर्करोगावरील देशी जनुकोपचार उभा राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होऊ लागला. पण त्याचे उत्पादन कंपनीकडे गेले आणि खर्च अजून लाखांच्या घरात आहे. संशोधन सार्वजनिक असून भागत नाही, उत्पादनही सार्वजनिक हवे, हा त्याचा धडा. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि मुंबईची हाफकिन ही नावे याच विचारातून जन्मली होती.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. जिल्हा रुग्णालयात घामाची तपासणी व्हावी आणि तालुक्याच्या दवाखान्यातून संशयित मुले तेथे धाडली जावीत. भारतीय रुग्णांतील जनुकदोषांची सरकारी खर्चाने नोंद व्हावी. सक्तीच्या परवान्याचा वापर करून औषध सार्वजनिक कारखान्यात बनावे. खाजगी साखर कंपन्यांना प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने उत्तर दिले आणि पाठोपाठ कोळपेवाडीनेही. खंडकऱ्यांनी जमीन परत मिळविली. ज्ञानाची ही जमीनही मूळ मालकाच्या, म्हणजे समाजाच्या, नावावर चढली पाहिजे. तिच्यासाठी दोन पिढ्या थांबण्याची सवड मात्र या मुलांना नाही.