नीट हुकली म्हणजे सायन्स वाया गेलं का? जव्हार-मोखाड्यातल्या पोरांसाठी बीएस्सीतली वेगळी वाट

जामसर (ता. जव्हार) : बारावी सायन्सचा निकाल लागला की पाड्यापाड्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘नीटला किती पडले?’ मार्क कमी असले तर नर्सिंग बघायचं. तेही हुकलं तर ‘घे कुठंतरी बीएस्सीला’ म्हणून अर्ज भरला जातो. बीएस्सीला विषय कोणते घेतले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पुढची तीन-चार वर्षं त्या विषयांवरच ठरतात.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. एक मुख्य विषय म्हणजे मेजर, त्याच्या जोडीला दुसरा मायनर, शिवाय वेगळ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह. यात फील्ड प्रोजेक्ट आणि गावात जाऊन करायचं कामही धरलं जातं. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. म्हणजे प्राणिशास्त्र घेणाऱ्या मुलीला समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रही शिकण्याची सोय कागदावर तरी झाली आहे.

माणूस एकाच विषयात मावत नाही

माणसाचं शरीर, त्याचं खाणं, राहणं, काम आणि समाज एकत्र शिकण्याला ह्युमन बायॉलॉजी, म्हणजे मानवी जीवशास्त्र म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पन्नासहून जास्त वर्षं हा पदवीचा विषय आहे. दिल्लीच्या एम्समध्येही या नावाची बीएस्सी होती, ती पुढे बंद झाली. महाराष्ट्रालाही हा विचार नवा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी माणसांची शारीरिक मोजमापं आणि नातेसंबंध, जाती-जमाती यांचा अभ्यास एकत्रच केला होता.

या विषयाची गरज जव्हार-मोखाड्याइतकी क्वचितच कुठे दिसेल. १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे वावर-वांगणी देशभर गाजलं. त्यानंतर योजना आल्या, अमृत आहार आला, तरी कुपोषण हटलेलं नाही. अंगणवाडीत पोराच्या दंडाला पट्टी लावतात. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. माप पट्टी सांगते, कारण सांगत नाही. आईच्या अंगात रक्त कमी होतं का? लग्न लवकर झालं का? उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यायलं, जुलाब किती वेळा झाले? दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले तेव्हा पोराचा आहार सुटला का? यातले अर्धे प्रश्न शरीराचे आणि अर्धे पोटापाण्याचे आहेत. एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या ग्रामसेवकाला ते सुटत नाहीत.

सिकलसेलचंही तसंच. १ जुलै २०२३ ला केंद्राने २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याची मोहीम सुरू केली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या साध्या चाचणीत दोष आहे एवढं कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला पुढची तपासणी लागते. वाहकाला मलेरिया सहसा तीव्र होत नाही, म्हणून जिथे पूर्वी मलेरिया जास्त, तिथे हा दोष टिकून राहिला. हे सगळं वारली किंवा कातकरी घरात, त्यांच्या बोलीत, पोरीच्या लग्नात आडकाठी न येता समजावून सांगणारा माणूस लागतो. तो गावातलाच असला तर लोक ऐकतात.

पदवीने काय मिळतं, काय नाही

पालकांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. अशी बीएस्सी करून डॉक्टर होता येत नाही, दवाखाना टाकता येत नाही. नर्स किंवा लॅब टेक्निशियन व्हायचं तर त्याचा वेगळा कोर्सच करावा लागतो. पदवीवर लगेच नोकरी लागेल, असंही नाही. पण पुढे सार्वजनिक आरोग्य, पोषण, मानववंशशास्त्र अशा एमएच्या, एमएस्सीच्या वाटा उघडतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं, तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्येचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

खरी अडचण निवडीची आहे. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं. पण कुठल्याही कॉलेजात मायनर कोणता मिळणार, हे तिथे शिक्षक कोणत्या विषयाचे आहेत यावर ठरतं. शिक्षकच नसला तर निवड फॉर्मवरच राहते. डोंगरी तालुक्यात हा धोका जास्त, आणि तो भरून काढणं शासनाचं व विद्यापीठाचं काम आहे.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राबरोबर मायनर कोणता मिळेल? तो शिकवायला शिक्षक आहेत का? फील्ड प्रोजेक्ट जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या पाड्याच्या अंगणवाडीत करता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ मिळालं, तर पोरगी शिकता शिकता गावाच्या कामाला येईल. नाहीतर प्रोजेक्टची वही मार्कांपुरती भरली जाईल आणि दंडाची पट्टी दरवर्षी तेच माप दाखवत राहील.